ऑइल वाढतंय

४ जानेवारी, सकाळी ७.१०
इंजिन चालू ७.१०, बंद ७.२०. मीटर ४२,३८६ किलोमीटर. ऑइल वरच्या खुणेच्या एक दोरा खाली. हवा थंड. डावा गुडघा दुखतो.

नवीन वही सुरू. बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं कंप्रेसरचं लॉगबुक लिहिलं. दर तासाला नोंद. मशीन बंद पडल्यावर कारण शोधत बसावं लागत नाही, ते वहीत आधीच आलेलं असतं. गाडीचंही तसंच. ही गेली त्याला नऊ महिने झाले. गाडी हिची होती, पण काळजी माझी. रोज दहा मिनिटं अंगणात चालू ठेवतो. एक दिवस चुकलेला नाही.

दुपारी मृणालीचा दापोलीहून फोन. वर्षश्राद्ध २३ मार्चला येतंय, ते झालं की गाडी मी घेऊन जाते म्हणाली. उभी गाडी खराब होते म्हणे. मुलगी विद्यापीठात कलमं बांधते आणि बापाला इंजिन शिकवते. आईपेक्षा चार बोटं उंच झाली म्हणजे सगळं कळतं असं नाही.

सांगून टाकलं, २२ मार्चला मी स्वतः गाडी चालवत तुला आणायला येतो. आलो तर गाडी रत्नागिरीतच राहील. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही?" मी म्हटलं, मीच. ठरलं.

लायसन्स आहे. पूर्वी कारखान्याची जीप चालवलेली आहे. ही गाडी चालवली नाही कारण हिला चालवायची हौस होती. मी डावीकडे बसून लक्ष ठेवायचो. फारच लक्ष ठेवलं की म्हणायची, "तुम्ही तुमचा बर्फ सांभाळा."

११ जानेवारी
चालू ७.१०, बंद ७.२०. मीटर तेच. गुडघा दुखतो.

गाडीचं पुस्तक वाचायला घेतलं. कंपनी म्हणते ऑइल झिरो डब्ल्यू ट्वेंटी घाला. डब्ल्यू म्हणजे विंटर. रत्नागिरीत विंटर म्हणजे पहाटे एक चादर. पुस्तक बर्फाळ देशासाठी छापलंय आणि इथे वाटलंय. बर्फ म्हणजे काय ते मला सांगू नये. त्यात एकतीस वर्षं काढली आहेत.

माझ्या मते आपल्याकडे जाड ऑइल हवं. वीस पन्नास. कंप्रेसरमध्ये जाडच घालायचो.

१२ जानेवारी
चालू ७.१०, बंद ७.२०.

वीस पन्नासचा डबा आणला. दुकानदाराने गाडी कुठली विचारलं. सांगितली. तो म्हणाला, नक्की हेच? मी म्हटलं, डबा द्या.

डबा अजून उघडलेला नाही. आतलं ऑइल चांगलं असताना नवीन कशाला. गेल्या वर्षी १४ मार्चला हिने गॅरेजमध्ये स्वतः उभं राहून घालून घेतलेलं आहे. घरी येताना म्हणाली होती, आता वर्षभर बघायला नको. मग खराब कसं होईल?

१९ जानेवारी
चालू ७.१०, बंद ७.२०. गुडघा फार दुखतो. खाऱ्या हवेने सांधे धरतात. मांडवीला राहायचं तर एवढं चालायचंच.

शेजारचा काशीराम कुंपणापाशी उभा. एस.टी.त ड्रायव्हर होता, त्यामुळे गाड्यांची अक्कल आपल्यालाच असं त्याला वाटतं. म्हणाला, "रघू, गाडी हाय का चूल? रोज सकाळी पेटवतोस नि जात कुठंच नायस." मग आत डोकावून म्हणाला, गुडघे स्टिअरिंगला टेकलेत, उकिडवा बसल्यासारखा दिसतोस, सीट मागे घे की.

सीट आहे तिथे ठीक आहे. त्याला तसं सांगितलं.

२ फेब्रुवारी
चालू ७.१०, बंद ७.२०. मीटर ४२,३८६. ऑइल वरच्या खुणेच्या वर, जवळजवळ एक बोट.

तीनदा पुसून पाहिलं. जानेवारीत खुणेच्या खाली होतं. म्हणजे कमी होणं सोडाच, ऑइल वाढतंय. एकतीस वर्षांत एकाही कंप्रेसरने असं केलं नव्हतं. गाडी निगेला किती प्रतिसाद देते बघा.

मृणालीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, ऑइल आपोआप वाढत नाही. मी म्हटलं, तुझ्या बागेत वाढत नसेल.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज प्रात्यक्षिक. बेत असा: गेट, गल्ली, मांडवीचा किनारा, परत. सकाळी ९.०० ला निघालो. क्लच जड. गुडघ्यामुळे.

गल्लीच्या वळणावर समोरून माशांच्या खोक्यांचा टेम्पो आला. कायद्याने त्याने मागे जायला हवं होतं. तो गेला नाही. मीही गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. मागे दोन स्कूटर आणि मालन कोळीण पाटी घेऊन. मालन म्हणाली, "भाऊ, तुमच्या तत्त्वात माझी सुरमई नासंल."

शेवटी काशीराम धावत आला, मला उतरवलान, स्वतः बसला आणि गाडी सरळ अंगणापर्यंत मागे आणलान. काशीराम बुटका, हिच्याएवढाच. त्यामुळे सीटला हात लावावा लागला नाही. ते एक बरं झालं.

मीटर तरीही ४२,३८६. रस्ता अरुंद आहे. नगरपरिषदेला पत्र लिहिणार.

१ मार्च
चालू ७.१०, बंद ७.२०. ऑइल खुणेच्या वर दीड बोट. ऑइलला पेट्रोलसारखा वास. ताजेपणाचं लक्षण असावं.

समोर पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा. पुस्तकात लिहिलंय, तपासून घ्या. मी तपासलं. दिवा व्यवस्थित लागतो.

नाचणे रोडला हरिश्चंद्रचं गॅरेज आहे. ही त्याच्याकडेच जायची. आज फोन त्यानेच केला, म्हणाला, काका, सर्व्हिसची तारीख जवळ आली. मृणालीने त्याला सांगितलेलं दिसतं. मी म्हटलं, बघू.

१४ मार्च
चालू ७.१०, बंद ७.२०. पहिल्यांदा पांढरा धूर.

काचेवर डाव्या कोपऱ्यात गॅरेजची चिठ्ठी आहे. तारीख आणि आकडा हिच्याच अक्षरात, कारण हरिश्चंद्रचं अक्षर हिला वाचता यायचं नाही. 'पुढची सर्व्हिस ५१,९०० किलोमीटर किंवा १४ मार्च, जे आधी येईल ते.'

हरिश्चंद्रचा पुन्हा फोन. मी त्याला हिशेब सांगितला. एक्कावन्न हजार नऊशेला अजून साडेनऊ हजार बाकी आहेत. गाडी हललेलीच नाही, मग सर्व्हिस कसली? तो म्हणाला, काका, गाडी उभी असली तरी वर्ष थांबत नाय. ऑइलचं वय कॅलेंडरवर पण मोजतात.

जे आधी येईल ते. कोण आधी आलं ते मी ठरवणार. फोन ठेवला. चिठ्ठी काढायची नाही.

२२ मार्च, पहाटे ५.३०
आज दापोली. पाण्याची बाटली, पुस्तक, वीस पन्नासचा डबा, टॉवेल. हातखंब्याला हायवे, मग चिपळूण, खेड, दापोली. खेडला चहा.

२२ मार्च, सकाळी ७.४०
रद्द. कारणं: एक, पिवळा दिवा. दोन, ऊन डोळ्यांवर येतं. तीन, गुडघा. चार, धुराने काशीरामच्या वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागला आणि तो गेटमध्ये उभा राहिला. हललाच नाही. एस.टी.वाल्यांचा हा स्वभावच आहे.

मृणालीला कळवलं. दुपारी ती एस.टी.ने आली. ठरलेल्याचा विषय काढला नाही. पिशवी ठेवली, बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढून वास घेतला आणि हरिश्चंद्रला फोन लावला.

२३ मार्च
श्राद्ध झालं. आज इंजिन चालू केलं नाही. वेळ मिळाला नाही.

२४ मार्च
हरिश्चंद्र घरी आला. चांगला सहा फूट माणूस आहे. खाली घमेलं ठेवून ऑइल सोडलं. बाहेर आलं ते पाण्यासारखं. सव्वा लिटर जास्त भरलं.

म्हणाला, "काका, हे ऑइल वाढलेलं नाय. यात पेट्रोल उतरलंय. रोज दहा मिनिटं चालू करून बंद करता, इंजिन तापतच नाय. रोज उठवलीत नि रोज झोपवलीत. त्यापेक्षा हात लावला नसतात तर बरी राहिली असती."

मी म्हटलं, कालचा सोडला तर एक दिवस चुकलेला नाही. तो म्हणाला, हां, तेच.

मृणाली आत चहा करायला गेली. मी घमेल्यापाशी उभा होतो. ते हिने घातलेलं ऑइल होतं. तसं त्याला सांगितलं नाही. त्याने नवीन भरलं, झिरो डब्ल्यू ट्वेंटी. पुस्तकवाल्यांची सरशी. वीस पन्नासचा डबा बघून म्हणाला, गेटच्या बिजागऱ्यांना घाला.

मग गाडी तापवून आणतो म्हणून दार उघडलं, खालचा दांडा ओढला आणि सीट खाडकन पार मागे. मी "अहो" म्हणेपर्यंत बसलाही. हातखंब्याला जाऊन आला. गाडी मऊ चालते म्हणाला. नवीन चिठ्ठी जुनीवर चिकटवली. अक्षर वाचता येत नाही.

संध्याकाळी सीट बघितली. एकूण तेरा खाचा. हिची कुठली? पुढून चौथ्या खाचेवर बसलो, गुडघा दुखला. पाचव्या, सहाव्यावरही दुखला. काशीरामला बोलावून बसवलं. तो काही न विचारता बसला. पुढे मागे करून म्हणाला, "मला कुठंही जमतं रे. एस.टी.ची सीट हलतच नसे."

सगळी वही चाळली. मिनिटं आहेत, मीटर आहे, ऑइल आहे, हवा आहे. सीट कुठेच लिहिलेली नाही.

२५ मार्च
मृणाली गाडी घेऊन निघाली. मी हरलेलो नाही. धुरामुळे बेत नुसता पुढे गेला होता. पण तिला घाटात एकटी कशी सोडणार, म्हणून डावीकडे बसलो.

तिने बसल्याबरोबर न बघता सीट पुढे ओढली. मी आवाज मोजले. पुढून सातवी. हिचीही तीच असणार. मृणाली चार बोटं उंच असली तरी बसल्यावर सगळे सारखेच. सातवी. नोंद केली.

वाटेत दोनदा गिअरबद्दल सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तर म्हणाली, "बाबा, तुम्ही बर्फ सांभाळा." पुढे खेडपर्यंत गिअर तिच्यावर सोडले. खेडला चहा घेतला आणि डेपोत उतरलो. एस.टी.ने परत. सीट हलत नाही.

२६ मार्च, सकाळी ७.१०
इंजिन नाही. मीटर मृणालीला विचारून लिहिणार. हवा दमट.
गुडघा दुखत नाही. हवा बदलली असावी.