श्वास ऐकू आला पाहिजे

२ फेब्रुवारी, सोमवार
उद्यापासून ध्यान. ठरलं म्हणजे ठरलं. कारणही लिहून ठेवतो, नाहीतर पुढे श्रेय भलताच कुणीतरी लाटेल. लेक दहा वर्षांची, पण रात्र रात्र जागी असते. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मग त्यांनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, घरातलं वातावरण कसं असतं? ही काय बोलली देव जाणे. घरी आल्यावर मला म्हणाली, अहो, पुन्हा एकदा जरी तिच्यावर ओरडलात तर मी तिला घेऊन माझ्या ताईकडे राहायला जाईन. मी शांतपणे विचारलं, मी कधी ओरडतो? शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. भिंती पातळ आहेत, दुसरं काही नाही.

असो. पोरीला झोप लागावी म्हणून मी वाट्टेल ते करीन. औषधांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये एक रिटायर्ड मुख्याध्यापिका सकाळी साडेसहाला ध्यानाचा ग्रुप घेतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. नाव देऊन आलो.

३ फेब्रुवारी
डझनभर माणसं, भिंतीला टेकून ठेवलेल्या चटया, खालून औषधांचा वास. बाई म्हणाल्या, एकट्याने चार दिवस टिकतं, पाचव्या दिवशी पांघरूण जिंकतं. म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार. त्याने रोज विचारायचं, बसलात का? आपण खरं ते सांगायचं. बस्स. मला एक वकील मिळाले. म्हटलं, आता उलटतपासणी होणार. पण गृहस्थ नुसतं ऐकून घेतात. अशाने केस कशा जिंकतात कोण जाणे.

डोळे मिटले आणि समोर कालची वरची कवळी आली. माझी दातांची लॅब आहे. डेंटिस्ट मापं पाठवतात, आम्ही कवळ्या बनवतो. पॉलिशवाल्याने ती घासून घासून अशी पातळ केली की हातातच तडकली. वीस मिनिटं त्याला मनातल्या मनात फैलावर घेतलं. उठलो तेव्हा एकदम मोकळं वाटलं. ध्यान लागलं म्हणतात ते हेच असणार. वकिलांना सांगितलं, उत्तम.

७ फेब्रुवारी
फरक दिसतोय. घरात केवढी शांतता! मी आत आलो की गप्पा आपोआप थांबतात. लेक पुस्तकं गोळा करून आतल्या खोलीत. ही भांडीसुद्धा अलगद ठेवते. एका माणसाच्या ध्यानाचा परिणाम अख्ख्या घरावर होतो, असं बाई म्हणाल्या नाहीत, पण अनुभव समोर आहे. झोपेचं काय, विचारलं. ही म्हणाली, तसंच आहे. वेळ लागतोच.

१० फेब्रुवारी
ग्रुपमध्ये शिस्त कशाशी खातात ते कुणाला ठाऊक नाही. जोडीदाराने विचारायचं हे ठीक, पण खातरजमा कोण करणार? मी सुचवलं, रोज बसल्याचा फोटो टाका. बाई म्हणाल्या, सगळ्यांचे डोळे मिटलेले, फोटो काढणार कोण? हा मुद्दाच नव्हता. शेवटी लक्ष ठेवायचं काम मीच अंगावर घेतलं. उशिरा येणाऱ्याला जिन्यातच गाठतो. आज एका आजोबांना चांगलं खडसावलं. ते म्हणाले, गुडघा दुखतो. म्हटलं, ध्यान काय गुडघ्याने करायचंय का? त्यानंतर ते आलेच नाहीत वर. एक कच्चा माणूस कमी झाला.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज घरच्यांना घेऊन जायचं होतं. बाई पोरांशी गप्पा मारत होत्या. आमच्या लेकीला विचारलं, काय गं, बाबा शांत झाले का? तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हो म्हणाली. हळू म्हणाली, पण हो म्हणाली. हॉलमध्ये सगळे एकदम चटया गुंडाळायला लागले. भारावले असणार.

परतताना वकील माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आले. म्हणाले, तुमचं रोज उत्तमच असतं. एखाद्या दिवशी नाही जमलं म्हणालात तरी चालेल हं, मलाही कितीदा जमत नाही. बिचाऱ्याची कीव आली. वेळ मिळेल तसं मार्गदर्शन करायचं कबूल केलं.

१८ फेब्रुवारी
पॉलिशवाला काम सोडून गेला. म्हणे आवाजाने डोकं उठतं. मशीन दोन दिवस बंद आहे, मग कसला आवाज? लोकांना कारण लागतं.

हॉलला रंग द्यायचाय, तोवर फोनवरून ध्यान. सगळ्यांनी एकाच कॉलवर यायचं, आपापल्या घरी बसायचं. मी लगेच नियम घातला, माइक कुणीही बंद करायचा नाही. श्वास ऐकू आला पाहिजे, नाहीतर ही मंडळी अंथरुणातूनच ध्यान करतील. कुणी विरोध केला नाही. माझ्या बोलण्याला वजन आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९
झालं ते जसंच्या तसं लिहितो, नंतर त्याला फाटे फुटतात. ध्यान छान लागत होतं. एवढ्यात स्वयंपाकघरात डबा पडला. झाकण गोल गोल फिरत राहिलं. मी फक्त विचारलं, कोण आहे तिकडे? जरा ठासून विचारलं. लेक दारात आली. म्हणाली, रात्रभर झोप नाही आली, भूक लागली म्हणून बिस्किटं काढत होते.

मी तिला समजावलं. समजावताना आवाज चढतो, त्याला ओरडणं म्हणत नाहीत. अक्कल आहे का, तुझ्यासाठीच मर मर मरतोय ना मी, माझ्या ध्यानाचं वाटोळं केलंस, असं काहीतरी बोललो असेन. ती सॉरी बाबा, सॉरी बाबा म्हणत राहिली. पुरे म्हटलं तरी थांबेना. अंगाला कापरं भरलं होतं तिच्या. सकाळचा गारठा असतो.

मग फोनकडे लक्ष गेलं. माइक चालू. पलीकडे अख्खा ग्रुप, आणि एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता.

मी म्हटलं, फोनवर आवाज आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. बाई एवढंच म्हणाल्या, आधी मुलीला जवळ घ्या. मागे वळलो तर ही तिला घेऊन आत गेली होती. कडी लावलेली ऐकू आली.

२२ फेब्रुवारी, रविवार
दोघी ताईकडे गेल्या. ही भांडली नाही. ही बॅग भरत असताना मी माझी बाजू व्यवस्थित मांडली. ही म्हणाली, अहो, जरा सरका, तिचा स्वेटर मागे आहे. सरकलो.

२३ फेब्रुवारी
घरात चिटपाखरू नाही. ध्यानाला आणखी काय पाहिजे? साडेसहाला कॉलवर गेलो. कुणी टोमणा मारला नाही, कुणी कॉल सोडूनही गेलं नाही. त्याचाच राग आला. आज माइक बंद ठेवला. डोळे मिटले की सॉरी बाबा ऐकू येतं. डोळे उघडेच ठेवले. दुपारी वकिलांचा फोन आला, बसलात का? उत्तम म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. ते म्हणाले, उद्या विचारतो.

२४ फेब्रुवारी. संध्याकाळ
ताईंना फोन केला. म्हणणार होतो, परक्या घरात, परक्या गादीवर पोरीचे हाल होत असतील, मी न्यायला येतो. वाक्यं पाठ केली होती. ताई इतक्या हळू बोलत होत्या की म्हटलं, काही ऐकू येत नाही. म्हणाल्या, ती झोपलीय. म्हटलं, या वेळी? म्हणाल्या, आल्यापासून नुसती झोपतेय. काल जेवायला उठवलं, तेवढीच उठली. बोलायचंय का, उठवू का?

नको म्हटलं. मीही हळूच म्हटलं.

नंतर वकिलांनी विचारलं, बसलात का? म्हटलं, नाही. लेकीला झोप लागायला लागली. ते म्हणाले, अरे वा, कधीपासून? म्हटलं, माझ्यापासून लांब गेली तेव्हापासून.