बाबांच्या वाटचं पाणी

आसेगाव,
चैत्र वद्य ४, शके १८६३

ती. दादाच्या पायी पंचफुलाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. कांदा काढून झाला, वांगी अजून निघताहेत. लिहायचं आहे ते आईबद्दल.

कारंज्याला तुझ्या तंबूतला शिनेमा पाहून आलो, त्याला आठ दिवस झाले. आईला बोलावू नको म्हणून मी आधीच कळवलं होतं. पंचवीस वर्षांमागे ज्या दरोडेखोराने आपल्या घरात शिरून बाबांना कुऱ्हाडीने मारलं, आईच्या बाळ्या कानाच्या पाळीसकट ओढून नेल्या, त्याचीच गोष्ट तिला कशाला दाखवायची? पण तुला भारी हौस. पडद्यावर तो गोरागोमटा, तिरप्या फेट्याचा, आणि घरधनी तेवढा राक्षस. नवरा बायकोचे कान ओरबाडतो, दरोडेखोर येऊन तिला सोडवतो, तिच्या हातची मीठ-भाकर खातो, आणि म्हणतो की जिचं मीठ खाल्लं तिच्या घराला हात लावणार नाही. शेजारच्या बायांनी पडद्याला हात जोडले. मी संतापाने उठून आले. आई शेवटपर्यंत हलली नाही.

आता ती रोज दुपारी उंबऱ्यावर मीठ-भाकर ठेवते. गावात आणखी चार घरी हेच सुरू झालंय. मीठ खाल्लेला माणूस घर लुटत नाही म्हणे. त्यांच्या भाकरी कुत्री नेतात. आपल्या उंबऱ्यावरचं ताट मात्र घासून पालथं घातलेलं असतं. काल मी दार लावून, आईचा हात धरून आत बसले होते. तरी ताट पालथंच होतं. मला भीती वाटते. अखाजीला ये, अक्षय्य तृतीया दोन आठवड्यांवर आली.

लहान बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नये.
पंचफुला

कारंजा,
चैत्र वद्य ९

चि. पंचफुलास रंगरावाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं. एखादी शेजारीण ताट घासून ठेवत असेल, आणि तू घाबरून बसलीस. लहानपणी मांजराच्या सावलीला भ्यायचीस, तीच तू.

शिनेमा म्हणजे काही कोर्टाचा निकाल नव्हे. लोक घटकाभर रमतात आणि घरी जातात. कंपनीने सांगितलंय म्हणून मी रोज संध्याकाळी तंबूच्या दाराशी भोंगा घेऊन ओरडतो की ही वऱ्हाडातली खरी गोष्ट आहे. असं ओरडल्याने खोटं खरं होतं काय? तू तेव्हा पाळण्यात होतीस. मी आठ वर्षांचा, धान्याच्या कणगीमागे लपलेला. बाबा आईपुढे आडवे झाले होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. मला कोण विसरायला लावतो?

अखाजीला जमणार नाही, तंबू भरून वाहतोय. बाबांच्या नावाच्या पाण्याचा मातीचा करा आईच्या हातून भरून घे. दरवर्षी तीच भरते.

राग गिळून लोभ वाढवावा.
रंगराव

आसेगाव,
वैशाख शुद्ध ४

ती. दादास, सा. न. वि. वि.

काल अखाजी झाली. पुरणपोळी केली, नवा करा आणला आणि आईला पाणी भरायला सांगितलं. तिने करा उचलला आणि पालथा घातला. म्हणाली, त्याले पाणी कायले? त्यानंच माहे कान तोडले. तो भला माणूस आला म्हणून मी वाचली. हे सांगताना ती तुटक्या पाळ्यांवरून बोट फिरवत होती आणि नव्या नवरीसारखी लाजत होती. 

छपरावर बाबांच्या नावाने घास ठेवला, एकही कावळा शिवला नाही. ज्याने जीव दिला त्यालाच त्याच्या घरात पाणी नाही, याचं मला फार दुःख होतं. आई माझं ऐकत नाही. पाळण्यातल्या पोरीने काय पाह्यलं, असं विचारते. पाहणारा तू एकटा. म्हणते, रंग्यानं लिहून देल्लं तर भरीन.

तेव्हा जे पाहिलंस ते जसंच्या तसं लिहून पाठव. मी तिला वाचून दाखवीन. करा कोरडाच ठेवला आहे.

वाट पाहणाऱ्या बहिणीस अंतर देऊ नये.
पंचफुला

कारंजा,
वैशाख शुद्ध ९

चि. पंचफुलास आशीर्वाद.

हे पत्र आईला वाचून दाखवू नको.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून रोज लिहायला बसतो. दाराशी ओरडायचं काम कालच सोडलं. डोळे मिटतो. कणगी दिसते, माझे गुडघे दिसतात, आईचं ओरडणं ऐकू येतं. मग तो दारातून येतो, तर त्याच्या डोक्यावर तिरपा फेटा, आणि चेहरा त्या नटाचा. असेना का, म्हटलं, बाबा तर आपले आहेत. म्हणून बाबांकडे पाहिलं. पुनःपुन्हा पाहिलं.

पंचफुला, बाबा आडवे झालेले मला दिसत नाहीत. त्यांचा हात आईच्या कानाला आहे. हे खोटं आहे हे मला ठाऊक आहे, कारण मीच तुला अनेकदा उलटं सांगितलं आहे. पण सांगितलेलं तेवढं आठवतं, पाहिलेलं नाही. आता मला दिसतं ते एवढंच की मी कणगीमागे बसलो आहे आणि तो दरोडेखोर कधी येतो याची वाट पाहतो आहे. तो आला की मला हायसं वाटतं.

माझ्या साक्षीवर आता विसंबू नको. करा तूच भर. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. तुझ्या हातचं पाणी तरी आपल्या बाबांनाच पोचेल.

जमलं तर माया ठेव.
रंगराव