पुरलेलं गाऱ्हाणं

३ फेब्रुवारी

चिकट कागद! पिवळे, हिरवे, गुलाबी. विमानतळ कंपनीनं आज हॉटेलात लोकांचा 'सहभाग' ठेवला होता. भिंतीवर नव्या धावपट्टीचा नकाशा, आणि आम्ही आपापली भावना कागदावर लिहून त्यावर चिकटवायची. पिवळा म्हणजे आशा, गुलाबी म्हणजे काळजी. नेमानीमामानं गुलाबी कागद उलटसुलट करून पाहिला आणि मोठ्यानं विचारलं, "लिटी, दफनभूमी कुठल्या रंगात लिहू?"

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

नकाशात आमची खाडीच नव्हती. तिच्या जागी एक सरळ निळी रेघ. धावपट्टीचं सगळं पाणी त्या रेघेतून आमच्या गावात. तिवरं तोडून त्यांनी गाड्या लावायला जागा केली, तेव्हापासून साध्या भरतीलाही पाणी चर्चच्या पायरीला लागतं. जानेवारीच्या वादळात कबरींवर कमरेएवढं चढलं होतं. आई तिथंच आहे.

मी उठून विचारलं, "आराखड्याच्या समितीत आमच्या पंचायतींचा माणूस कधी घेणार?"

हॅरिंग्टनसाहेब ब्रिस्बेनहून आलेत. दात दाखवून म्हणाले, "फार छान प्रश्न! लिहा ना गुलाबी कागदावर."

शी.

५ फेब्रुवारी

विमानतळ कंपनीकडे अर्ज गेला. आमच्या तिन्ही गावांच्या पंचायती आणि खाडीपलीकडच्या हिंदुस्थानी ऊसवाल्यांच्या वस्तीची कमिटी — चौघांचा मिळून. मागणी एकच: समितीत एक खुर्ची, आणि ती मिळेपर्यंत खाडीला हात नाही. सुनावणी २१ तारखेला. तिथं एकट्यादुकट्याचं ऐकत नाहीत, पंचायतीचा प्रमुख उभा राहून बोलला तरच नोंद होते. आमचा प्रमुख मामा. तिन्ही प्रमुखांत वडीलधाराही तोच.

वस्तीतर्फे सुरुज चाचानं सही केली. टॅक्सीच्या टपावर कागद ठेवून. म्हणतो, "पोरी, तू शिकलीस ते बरं झालं. आता आमच्या शिव्या तरी शुद्ध भाषेत जातील!"

मामानं संध्याकाळी यंगोना प्यायच्या बैठकीत सगळ्यांना सांगितलं, "कागद भाचीनं लिहिलाय. राजधानीत, सुव्याला जाऊन शिकून आलीय." पाचव्यांदा तरी सांगितलं असेल. मी लाजले आणि मला फार आवडलं.

९ फेब्रुवारी

अर्जाला उत्तर नाही. रग्बीच्या पोरांना मात्र नव्या जर्सी आल्या. छातीवर विमान. किळस!

१२ फेब्रुवारी



आज कंपनीची माणसं गावात आली. पुढं कालिओवा. माझ्याच विद्यापीठातला, मला दोन वर्षं पुढं. तेव्हा आवारातल्या झाडाखाली भाषणं ठोकायचा — जमीन, पूर्वज, आपला आवाज. आता कंपनीत 'ग्रामसंपर्क' बघतो. आम्हाला वाटलं उत्तर घेऊन आला. तो नेसला होता कोरा सुलू, आणि हातात तांबुआ. देवमाशाचा दात, जुना, मधासारखा पिवळा, नारळाच्या दोरीत ओवलेला.

सभागृहात तिन्ही गावांचे प्रमुख चटईवर. कालिओवा दारापासून गुडघ्यांवर सरकत आला. मान खाली. "तुमची तिवरं तोडली, तुम्हाला विचारलं नाही, तुमच्या मेलेल्या माणसांवर पाणी आणलं. आम्ही चुकलो. हा दात घ्या आणि आमचा अपराध पुरून टाका." बोलणं इतकं सुरेख, की म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या. हॅरिंग्टनसाहेब मागे मांडी घालून. त्यांना पायाला मुंग्या आलेल्या दिसत होत्या.

मी दारापाशी बायकांत. तिथून ओरडावंसं वाटलं — घेऊ नकोस! कारण घेतला की संपलं. पुरलेली गोष्ट पुन्हा काढायची नाही. चुलीपाशी नाही, चर्चमध्ये नाही, आणि सुनावणीत तर नाहीच.

मामानं दोन्ही हात पुढं केले. दात घेतला. सगळ्यांनी ओंजळी जुळवून टाळ्या दिल्या.

गाडीत बसताना कालिओवा मला हळूच म्हणाला, "तुझ्या चार पानांपेक्षा एक दात बरा चालला, नाही का?"

मला ओकारी आली. खरोखरची. पपईच्या झाडामागे जाऊन ओकले.

१३ फेब्रुवारी

हॅरिंग्टनसाहेबांची मुलाखत रेडिओवर. "गावांशी आमचा पूर्ण समेट झाला आहे." मामी रेडिओवर फडकं टाकून कसावा सोलत बसली.

१५ फेब्रुवारी

सुरुज चाचानं भर बाजारात गाठलं. हॉर्न वाजवत.

"काय गं, तुमचं मिटलं म्हणे! पाणी तेच, खाडी तीच, आणि माफी मागायला फक्त तुमच्याकडे. आम्हाला कुणी चहासुद्धा विचारला नाही!"

"चाचा, मी काय करू? माझ्या हातात—"

"तुझ्या हातात पदवी आहे. मामाला वाचून दाखव."

मग त्यालाच वाईट वाटलं. पिशव्या गाडीत टाकल्या आणि घरी सोडलं. वाटेत म्हणाला, वस्ती भाडेपट्ट्याच्या जमिनीवर, पट्टा संपत आलेला, एकट्या कमिटीला विमानतळवाले दारातही उभं करणार नाहीत. खरं आहे. 

१८ फेब्रुवारी

मामाशी भांडले. जेवताना, सगळ्यांदेखत.

"तुला कळलं नाही का, त्यांनी तुझं तोंड शिवलं?"

"कळलं."

"मग घेतलास कशाला?"

"गुडघ्यांवर आलेल्या माणसाला मागं लोटायला शिकवलं नाही मला कुणी."

"नाटक होतं ते! साहेबाला तर त्यातलं एक अक्षर समजलं नाही!"

"त्याला नसेल. मला समजलं. शब्द खरेच होते, लिटी. बोलणारा खोटा असला म्हणून मी खोटा होऊ?"

मी म्हणाले, "तू गाव देऊन टाकलंस. आईची कबरसुद्धा."

फार बोलले. मामानं हातातला मासा ताटात ठेवला आणि उठला. मामीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पण मी शब्द मागे घेणार नाही. मान, मर्यादा, चटईवरच्या टाळ्या — सगळ्याची शिसारी आलीय. यासाठी शिकून परत आले? सुव्यात नोकरी मिळत होती. मैत्रिणी म्हणत होत्या, खेड्यात जाऊन काय करणार. मी म्हणाले होते, गावाला आवाज देणार!

२० फेब्रुवारी

मामा दोन दिवस बाहेर जाळं सांधत बसतो, जेवतोही तिथंच. उद्या सुनावणी. मी जाणार नाही. तिथं बसून आमच्या तिन्ही गावांचा मुकेपणा बघायचा?

२१ फेब्रुवारी, सकाळ

उजाडताना मामा जाळं खांद्यावर टाकून निघाला. दारात थांबला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "दात माझ्या उशापाशी खुंटीला आहे." मग घसा खाकरून, "बहिणीच्या लेकरानं मामाच्या घरातलं काहीही उचललं, तरी मामानं हूं की चूं करायचं नसतं. गावानंही नाही. हे काही मी काढलेलं नाही."

कोंबड्या, चटया, मामाचा नवा सदरा — लहानपणापासून मी सगळं उचलत आलेय. तांबुआ कुणी उचलल्याचं ऐकलं नव्हतं. तो देणाऱ्याच्या दारात परत गेला, की पुरलेलं पुन्हा वर येतं.

"सुनावणी दोनला ना?" मामा म्हणाला. "तोवर मी येतो. सुलूला इस्त्री करून ठेव."

दात आता माझ्या मांडीवर आहे. वाटला होता त्याहून जड. बाहेर सुरुज चाचा टॅक्सी घेऊन हॉर्नवर हॉर्न मारतोय. मी त्याला बोलावलंच नव्हतं!