सिरिंजची कापलेली कड

कोळवण, मंगळवार संध्याकाळ

माझ्या बायकोची, सुमनची, स्तनाग्रं आत वळलेली, त्यामुळे आठ दिवसांच्या बाळाला दूध ओढता येत नाही. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी ती बाहेर ओढायला सिरिंजचं टोक कापून दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायला सांगितला होता, म्हणजे गुळगुळीत बाजू स्तनावर येते. मी नेहमीच्याच बाजूने घातला. कापलेली कड तिला लागली, रक्त आलं.

आई म्हणाली, "करडाला शेळीचं आचळ बरूबर धरून देतोस. हितंच कसा चुकलास?"

खरंच कसा चुकलो? त्या कडेवरून आधी बोट तरी फिरवायचं.

दुसरी सिरिंज नीट करून नेली, तर सुमनने पदर घट्ट ओढला. "तुमी नको. ताई आल्यावर बघू."

ताई उद्या येणार. बाळ रडायचं थांबलंय. झोपलं की दमलं, मला कळत नाही.