पुठ्ठ्याच्या घराचा गुरुत्वमध्य

चिंगे,

पहाटेच्या पाळीला जातोय, तुला उठवलं नाही. काल तू रागाने कपाटावर भिरकावलेला पुठ्ठा काढून पाहिला. आपल्या घराचा नकाशा हुबेहूब कापलायस, बाथरूमच्या कोपऱ्यासकट. तुझं काही चुकलेलं नाही. मीही तो टाचणीला लटकवला, टाचणीवरून दोरा सोडला आणि दोऱ्यामागे रेघ मारायला गेलो, तर मधेच पुठ्ठा संपून मोकळी हवा. पंख्याने हलत असेल म्हणून पंखा बंद केला, तरी तेच. मग डोक्यात प्रकाश पडला. आपलं घर काटकोनात वळलेलं आहे ना, म्हणून त्याचा गुरुत्वमध्य घरात नाहीच, बाहेर पडतो. त्या वळणाच्या खाचेत मी पातळ कागद चिकटवलाय. दोन कोपऱ्यांवरून काढलेल्या रेघा त्याच्यावर येऊन मिळतात. तिथे पेन्सिलीचं टोक टेकव, अख्खं घर तोलून राहतं. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दाखवायला कुणी जागं नव्हतं, म्हणून एवढं लिहीत बसलो.

डबा ओट्यावर आहे. मीठ कमी वाटलं तर वरून घे, मला अजून अंदाज येत नाही.

दोऱ्याला वजन म्हणून आईची घराची किल्ली बांधलीय, ती ठेवून गेली तेव्हापासून खिळ्याला नुसतीच लटकत होती. वर्गात दाखवून झालं की आठवणीने परत आण आणि होती तिथेच लाव. तिने कधी मागितली, तर हरवली म्हणायची वेळ यायला नको.

बाबा