थोरलीचा फ्रॉक

९ मार्च

आली एकदाची पोरं घरी! थोरली नऊ वर्षांची, धाकटा चार. सख्खी भावंडं. इतकी वर्षं वाट पाहिली, त्यांच्या देशात दोनदा जाऊन आलो, तेव्हा कुठे आज दारातून आत आली.

दत्तक देणाऱ्या संस्थेने दोघांना कोरे करकरीत कपडे घालून पाठवलेलं. घरात पाऊल टाकताच थोरलीने ते अंगातून काढले, पिशवीतला जुना निळा फ्रॉक घातला. कोपरावर पार विरलेला! धाकट्याची कॉलर तिच्या मुठीत. जेवतानाही सोडली नाही, एका हाताने जेवली.

मी अंदाजाने माप धरून पिवळा फ्रॉक शिवून ठेवला होता. उतावळेपणा, दुसरं काय. तिने पाहिला आणि तोंड फिरवलं. दमली असेल.

११ मार्च

नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेला. "तुझं बरंय, घरबसल्या शिवणकाम आणि पोरं दोन्ही," म्हणाला. बोलायला काय जातंय!

मला त्यांच्या भाषेतले मोजके शब्द येतात, ते सगळे भूक नाहीतर संडास यांचे. दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत होती, हसतही होती. मी गेले तशी चिडीचूप. काय घेण्यासाठी गेले होते तेच विसरले. उगीच एक चमचा घेऊन बाहेर आले.

१४ मार्च

पिवळा नको तर नको, हिरवा शिवला. खिसे, कॉलर, सगळं मन लावून. कापड एकाच्याच पुरतं होतं, म्हणून आधी तिचा. माप घ्यायला टेप खांद्याला लावली तर काठीसारखी ताठ झाली. फ्रॉक दाखवल्यावर मात्र गेली, दोघांचे बूट घेऊन आली, धाकट्याला बूट घातले आणि दारापाशी बसली. मला वाटलं, नवे कपडे घालून फिरायला जायचंय पोरीला! बागेत नेलं. फ्रॉक घातला, पण सगळा वेळ भावाला मांडीवर घेऊन बाकावर बसून. झोपाळ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर हिरवा फ्रॉक कपाटामागे कोंबलेला सापडला.

१५ मार्च

सासूबाईंचा फोन. "पोरं रुळली का?" म्हटलं, हो तर, छान रुळली. फोन ठेवला आणि रडले. आख्ख्या गावाचे कपडे मी शिवते, आणि माझ्या मुलीला माझ्या हातचं अंगाला लागू द्यायचं नाही.

मला अजून हाकही मारत नाहीत. धाकटा येऊन ओढणी ओढतो. थोरली तेही नाही.

१८ मार्च

करायला गेले एक आणि झालं भलतंच. शाळेच्या गणवेशांचं काम तुंबलेलं, म्हणून नणंद म्हणाली, "दे माझ्याकडे दोघांना दिवसभर, माझी पोरंही आहेत." चांगलं दिसावं म्हणून दोघांना नवे कपडे घातले. तिला तो हिरवाच, धाकट्याला नवी चड्डी-सदरा. या वेळी थोरलीने जराही विरोध केला नाही. शहाण्यासारखे हात वर केले, बटणं लावू दिली. मी मनात म्हटलं, चला, सुटला गुंता! तिची पिशवी तिनेच बरोबर घेतली.

दुपारी नणंदेचा फोन. "अगं, पोरगी दारातून हलत नाहीये. जेवली नाही. भावाला हात लावू देत नाही कुणाला. माझ्या धाकटीला चावली!"

धावत गेले. मला बघून ती उठली नाही, रडली नाही. नुसती बघत राहिली, कोण बाई ही तशी. पिशवी उघडून पाहिली, तर आत तिचा निळा फ्रॉक आणि भावाचा जुना सदरा.

१९ मार्च

दुभाषी बाईंना बोलावलं. थोरली त्यांच्याशी हळूहळू बोलली, मध्येच माझ्याकडे बघून थांबायची. मग बाई मला म्हणाल्या, "तिकडे नवे कपडे एकाच दिवशी मिळायचे हो. कुणीतरी न्यायला येणार त्या दिवशी. ज्याला न्यायचं, त्यालाच. तुम्ही टेप काढली, एकटीचा फ्रॉक शिवला. तिला वाटलं, तिला देऊन टाकणार आणि भाऊ इथेच राहणार."

मी कपाळावर हात मारून घेतला. माझी मशीन खडखडली की पोरीचा जीव टांगणीला! आणि मी दर दोन दिवसांनी नवं कापड बेततेय. वर नटवून दुसऱ्याच्या दारात सोडून आले.

बाईंनी सगळं समजावलं. कुणी कुठे जाणार नाही, दोघंही इथेच. थोरलीने मान हलवली. बूट मात्र अजून उशाशीच.

२३ मार्च

त्यांच्यासाठी नवं काही शिवायचं नाही. ठरलं!

आज निळा फ्रॉक धुवायला मागितला, दिला नाही; तिनेच धुऊन वाळत घातला. मग वाळवलेला तिच्यासमोरच मांडीवर घेतला, कोपरांना ठिगळं लावली. ती शिवणाच्या खोलीत पहिल्यांदाच आली. उंबऱ्यापाशीच उभी, पण आली. फ्रॉक आखूड झालाय, म्हणून खालची दुमड उसवली. आतली पट्टी अजून गडद निळी, बाकीचा फ्रॉक विटून गेलेला. तिने त्या पट्टीवर बोट फिरवलं.

 

६ एप्रिल

नवरा आला, परत गेला. दोघांनी त्याच्या ट्रकचा भोंगा वाजवून घेतला. तो गेल्यावर घर पुन्हा मोठं वाटतंय. तिघं आहोत, तरी.

२ मे

गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "शिंपिणीची मुलगी आणि ठिगळाच्या फ्रॉकात? लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोकांना म्हणू दे, तुमचा ब्लाऊज शनिवारी मिळेल.

थोरली खोलीत बसून बटणं रंगाप्रमाणे लावते आता. माझ्याकडे पाठ करून. पण बसते.

३० जून

धाकटा कॉलर सोडवून घेऊन एकटाच अंगणात पळाला. ती मागे गेली नाही. मुठीत काही नाही म्हणून हात जरा वेळ तसाच राहिला तिचा. मला तो धरावासा वाटला. धीर झाला नाही.

११ ऑगस्ट

निळ्या फ्रॉकची दुसरी दुमडही सोडली. आता सोडायला काही उरलं नाही. गुडघे उघडे पडलेत पोरीचे, गल्लीतली मुलं हसत असतील. नवा शिवू का, म्हणावं तरी कसं? तोंडाशी येतं आणि गिळते. वाटतं, पुन्हा दारापाशी जाऊन बसली तर?

१९ ऑगस्ट

दुपारी मशीनवर होते. थोरली टेप घेऊन समोर उभी राहिली. गळ्यात घातलेली, माझ्यासारखी. हात वर केले. मी माप घेतलं. फळीवरचं लाल कापड तिने स्वतः निवडलं.

मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "खाली दुमड खूप ठेव. पुढच्या वर्षी सोडायला लागेल."