बकारामचा दगड, माझी सही

३ एप्रिल १९३२, नवेगाव बांध
तलावाचा गाळ काढताना मजूर बकारामला दगड सापडला. शाळेत घेऊन आला. हा लाकूड होय का गोटा, म्हणाला. आत झाडाची वर्तुळे स्पष्ट. मी तत्काळ ओळखले: फॉसिल. अकरा वर्षांची मास्तरकी वाया गेली नाही. नागपूरच्या संग्रहालयात पाठवतो म्हटले.

४ एप्रिल
पार्सल गेले. पत्रात ‘मला सापडला’ असे लिहिले. बकारामचे नाव घातले असते तर वाक्य फार लांबले असते. पुढच्या पत्रात खुलासा. नक्की.

७ एप्रिल
बकारामला आजच सांगणार होतो. तो जेवत होता. जेवत्या माणसाला त्रास देऊ नये.

१९ एप्रिल
उत्तर आले. दगड म्हणजे खरोखर लाखो वर्षांपूर्वीचे झाड. या भागात असे कधी मिळालेले नाही, म्हणून जागा फार महत्त्वाची. संग्रहालयाचे साहेब स्वतः येणार. लेबलवर शोधकाचे नाव, म्हणजे माझे. तासभर आनंद. मग भूकच मेली.

२० एप्रिल
जागा बकारामला विचारायला हवी. पण विचारले की ‘काऊन?’ म्हणेल, आणि का ते सांगावे लागेल. स्वतःच ताडतो. अनुमान हीसुद्धा विद्याच.

२८ एप्रिल
साहेब आले. तलावाच्या मातीच्या पाळीजवळ नेऊन मी ठामपणे छत्री टेकवली. दोन तास खणले. गोगलगायी निघाल्या, जिवंत. साहेबांनी चष्मा पुसत विचारले, नक्की इथेच? नक्की, म्हणालो. तेवढ्यात बकाराम फावडे घेऊन येऊन उभा. साहेबांनी त्यालाही विचारले. माझ्याकडे बघत तो म्हणाला, “मले काई ठाव नाई. मास्तरलेच सापडला.”
साहेबांनी वहीत लिहिले: जागा संशयास्पद, नोंद नको. दगड मला परत.

२९ एप्रिल, संध्याकाळ
दगड देऊन सगळे कबूल करायचे, असे ठरवून बकारामच्या घरी गेलो. तोंड उघडण्याआधी तोच बोलला. “तलावाचा मालक मालगुजार. त्याची चीज मी उचलली, मास्तर. इचारपूस झाली असती तं मलेच धरलं असतं. तुमी आपल्या नावावर घेतलं, म्हून वाचलो.” दगडाला हात लावेना. त्याची बायको सुलोचनाबाई, तिने पळसाच्या पानात गुंडाळलेला मोठा मासा माझ्या हातात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी. खरे सांगायला तोंड उघडले. निघाले ते, “असू दे.”

३० एप्रिल
बकारामवरचे संकट टळले, हे महत्त्वाचे.
मासा चांगला होता. दोनदा वाढून घेतला.